हात वर केलेला माणूस

चितेगावला एका कारखान्याचा पाया खणताना माणसाची हाडं निघाली, तेव्हा मी औरंगाबादला इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजातले आमचे सर आम्हा चारपाच जणांना घेऊन तिथं गेले. मुकादमाला घाई होती. "पूजा घालून बुजवून टाकू," म्हणाला. सरांनी कशीबशी संध्याकाळपर्यंतची मुदत मिळवली.

सांगाडा कुशीवर होता. शेजारच्या मडक्याच्या तुकड्यांवरून सर म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वीचा तरी असेल. मांडीचं हाड मजुराच्या टिकावानं नुकतंच तुटलं होतं, ते आतून पांढरं दिसत होतं. डाव्या हाताचं कोपराखालचं हाडही मोडलेलं होतं, पण त्याची कड मातीच्या रंगाची. म्हणजे ते मोडणं जुनंच. कवटीलाही डावीकडे खोक होती.

"हाड जुळून आलेलं नाही," सर म्हणाले. "मोडल्यावर हा फार जगलेला नाही. याला मारलाय. दरोडेखोर असावा, शिक्षा झाली असेल."

माझी मैत्रीण खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसून बघत होती. ती खुलताबादकडच्या खेड्यातली. नामांतराच्या मोर्चावर लाठीमार झाला त्यात तिचा हात मोडला होता, आणि प्लास्टर निघून फार दिवस झाले नव्हते. ती उठली आणि डावा हात कपाळावर आडवा धरून उभी राहिली.

"सर, डोक्यावर काठी आली की हात असा वर जातो. आपण नेत नाय, तोच जातो. माझं हेच हाड मोडलं."

"शक्य आहे."

"मग मी पण दरोडेखोर व्हय?"

"तो विषय वेगळा. हा अभ्यास आहे, इथं भावना आणू नकोस."

"भावना नाय, सर. मार खाल्ला म्हणून गुन्हेगार, हे कोणत्या हाडावर दिसतंय तेवढं दाखवा."

सर लाल झाले. मजूरसुद्धा टिकाव थांबवून ऐकत होते.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, हात वर करून वार अडवताना मृत्यू झाला असावा. सरांनी ते खोडून 'शिक्षा' लिहिलं. मी पुन्हा माझंच लिहून नेलं.

"तुझ्या वडिलांना ओळखतो मी," ते म्हणाले. "चांगल्या घरातली मुलगी तू. कुणाच्या नादी लागलीस, ते कळवू का त्यांना?"

माझे वडील कोर्टात कारकून. त्या मुलीबरोबर हिंडायचं नाही, अशी घरात आधीच ताकीद होती. तरी मी म्हटलं, "कळवा, सर. शिक्षा मात्र मी लिहिणार नाही. तसा पुरावा नाही."

त्यांनी खरंच कळवलं. घरी मोठा तमाशा झाला. आठवडाभर वडील माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही माघार घेतली नाही. शेवटी सरांनी 'शिक्षा' काढलं आणि 'मारहाणीत मृत्यू, कारण अज्ञात' असं लिहून सही केली.

मी धावत जाऊन मैत्रिणीला ते सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं.

"नुसतं मार खाऊन मेला व्हय?" ती म्हणाली. "त्याचा उजवा हात धड होता की. एखाद्याला तरी हाणलंच असंल त्यानं."

"ते कसं कळणार?"

"नाय कळणार. पण मी तर तसंच धरून चालणार."