रणधीरनं चालू ठेवलेलं मशीन

ईट गावच्या एसटी स्टँडसमोर माझं शिलाईचं दुकान आहे आणि त्याला लागून रणधीरचं. त्याच्या पाटीवर झेरॉक्स, पीक विमा, पॅन कार्ड, लाइट बिल असं इतकं काही लिहिलंय की दुकानदाराचं नाव लिहायला जागाच उरली नाही. माणूस सरळ. पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, वडील गेल्यावर शेती बघायला परत आला. फॉर्म भरताना म्हाताऱ्यांवर खेकसत नाही. शिकलेल्या माणसात एवढंही आजकाल पुष्कळ झालं. खोड एकच. ‘कॉम्प्युटर म्हणजे रणधीर’ असं कुणी म्हटलं की गडी हरभऱ्याच्या झाडावर चढलाच म्हणून समजा.

आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. धुरपदाबाईंच्या बचत गटाचीही एक आहे. दूध आटवताना कढईत उलथनं थांबवून चालत नाही, त्यामुळं बायांची मनगटं जातात आणि धुरानं डोळे जातात. धुरपदाबाईंना तर आता संध्याकाळी माणूस आवाजावरूनच ओळखावा लागतो. आपोआप ढवळणारं, गॅसवरचं यंत्र घ्यायचं म्हणून गट पैसे साठवत होता. रणधीरनं त्यांना ऑर्डरी घ्यायला वेबसाइट करून दिली. मजुरी म्हणून एक रुपया घेतला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आता वेबसाइट म्हटलं की ती कुठल्यातरी कॉम्प्युटरवर ठेवावी लागते. तो विकत घ्यायची गरज नसते. मोठ्या कंपन्या इंटरनेटवरून भाड्यानं देतात, त्याला क्लाउड म्हणतात. आधी पैसे भरायचे नाहीत. जेवढं वापराल तेवढं बिल, आणि महिना संपला की कार्डातून आपोआप वजा. कार्ड गटाचं दिलेलं. छोटं मशीन होतं तोवर बिल चहापाण्याइतकं यायचं. दिवाळीत पुण्याची गिऱ्हाइकं तुटून पडतील म्हणून रणधीरनं आठवड्यापुरतं दांडगं मशीन घेतलं. दिवाळी झाली, गर्दी ओसरली. मशीन मात्र चालूच राहिलं.

विसरला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण तो विसरला नव्हता. आमच्या रानात पाण्याची मोटर बंद करायची रीतच नाही. लाइट कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून स्टार्टरला ऑटो लावायचा आणि घरी येऊन झोपायचं. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू होते. बिल यायचं ते मोटर किती एचपीची यावर, किती तास चालली यावर नाही. बंद करून कुणाचं चार आण्यांचंही भलं झालेलं नाही. उलट जो बंद करतो त्याचंच पीक वाळतं. रणधीर त्याच रानात वाढलेला. त्यानं हिशेब केला, ऑर्डरी नाहीत म्हणजे वापर नाही, वापर नाही म्हणजे बिल नाही. असू दे चालू, संक्रांतीला कामाला येईल.

क्लाउडमध्ये ‘वापर’ म्हणजे काम नव्हे. मशीन तुमच्या नावावर चालू आहे, एवढंच ते धरतात. जेसीबी तासावर आणून बांधावर नुसता घरघरत ठेवला तर मालक काय खड्डे मोजून पैसे घेईल? तसंच हे. कंपनीनं ‘तुमचं बिल ठरवलेल्या रकमेच्या पुढं गेलंय’ असा मेलही धाडला होता. रणधीरनं तो वाचला. त्याला वाटलं, मोबाइलचा रिचार्ज संपला की जसं बंद पडतं तसं हेही आता आपोआप बंद पडेल. तो मेल नुसती खबर द्यायला होता, थांबवणं ज्याचं त्यानं करायचं होतं. अहो, अख्ख्या गावाचे फॉर्म भरणारा माणूस!

होळीच्या तोंडावर धुरपदाबाई यंत्राचे पैसे काढायला बँकेत गेल्या, तर खात्यात निम्म्याहून कमी रक्कम. गटातल्या बायांना घेऊन त्या तशाच रणधीरकडं आल्या. त्यानं कॉम्प्युटर उघडला आणि त्याला सगळं कळलं. खरं सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पण समोर गटातल्या सगळ्या बाया उभ्या, आणि ‘रणधीर बघंल, त्याला समदं कळतंय’ असं एकमेकींना सांगतायत. त्याच्या तोंडून निघालं, “मावशी, खातं हॅक झालंय. कुणीतरी चोरानं पैसे काढले.”

मशीन त्यानं त्याच मिनिटाला बंद केलं, पण खोटं काही त्याला बंद करता आलं नाही. बाया त्याच्यावर चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या त्यालाच धीर देऊ लागल्या. कुणी धपाटे आणून दिले, कुणी म्हणाली, “जिवाला लावून घेऊ नगंस.” तो मान खाली घालून खायचा. त्याचं वजन उतरलं, दाढी वाढली. त्याची बायको सोनाली मला विचारायला आली, “काका, ह्यांना काय झालंय? रात्री उठून बसत्यात.” मला वाटलं, पोराला बायांचं वाईट वाटतंय. मनातल्या मनात मी त्याचं कौतुकही केलं.

मग एका मंगळवारी धुरपदाबाई कपाळभर कुंकू लावून रणधीरच्या दुकानात आल्या. मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. सोनाली गिरणीत गेलेली, म्हणून रणधीरची दहा महिन्यांची लेक काउंटरमागं रांगत होती. धुरपदाबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या तोंडात खोबऱ्याचा बारीक तुकडा दिला.

“परसाद हाय,” त्या म्हणाल्या. “आज समद्याजणी लक्ष्मीआईपुढं गाऱ्हाणं घालून आलाव. पोलिसाला गावायचा न्हाय त्यो चोर, आईला गावतुय.”

“काय... काय गाऱ्हाणं घातलं मावशी?”

“म्या म्हनलं, आई, आमच्या कष्टाला ज्यानं हात लावला, त्याचं लेकरू त्याच्या मांडीवर हसू नये.”

पोरगी खोबरं चोखत होती. तिनं धुरपदाबाईंच्या गळ्यातली पोत धरून ओढली आणि खुदकन हसली.

रणधीरचा चेहरा राखेसारखा झाला. “मावशी, चोर न्हाय कुणी,” तो म्हणाला. “म्या मशीन चालू ठिवलं. बिल चढत गेलं. लाज वाटली म्हणून खोटं बोललो.” एवढं बोलून तो रडायलाच लागला. मी पेपरमागं तोंड लपवलं. दुसऱ्याची लाज बघणंही सोपं नसतं.

मला वाटलं, आता म्हातारी त्याला फाडून खाणार. पैशाचं तरी विचारणार. पण पोरीच्या तोंडात बोट घालून तिनं तो खोबऱ्याचा तुकडा आधी बाहेर काढला. पोरगी रडायला लागली. तिला तशीच छातीशी धरून धुरपदाबाई अनवाणी रस्त्यावर उतरल्या. आम्ही दोघं मागं धावलो.

ओढ्यालगतच्या लक्ष्मीआईच्या देवळात त्यांनी पोरीला देवीपुढं ठेवलं आणि फरशीवर नाक घासायला सुरुवात केली. “म्या चुकले आई. म्यातारपणी माझी जीभ घसरली. चोर न्हाय कुणी. काय द्यायची ती शिक्षा मला दे, ह्या लेकराकडं बघू नगंस.”

रणधीर पायरीपर्यंत आला होता. माफी त्यानं मागायची, आणि मागत होती ती. मी त्याला आत जा म्हणून खुणावलं. त्यानं चप्पल काढली, पण उंबरा ओलांडायची त्याला हिंमत झाली नाही.