बंड्याची उपासाची भाजणी

आमच्या सोसायटीतल्या यच्चयावत बायकांचा नवरात्राचा उपास एका वर्षी पहिल्याच संध्याकाळी मोडला, आणि तो मी मोडला. माझा हेतू अत्यंत शुद्ध होता. (पीठ नव्हतं.)

सगळ्याचं मूळ म्हणजे आमचा कुत्रा, बंड्या. त्याचे वडील पॉमेरियन आहेत असं देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. आई आमच्या वारज्यातल्या रस्त्यावरचीच, ती मी स्वतः पाहिली होती. लहानपणी हा प्राणी असा गुबगुबीत होता की जाणारे-येणारे थांबून गालगुच्चे घ्यायचे. पण त्या वर्षी पावसाळा सरला आणि त्याचे केस गळायला लागले. सोफ्यावर केस, देवघरापुढे केस, माझ्या ऑफिसच्या पँटवर केस. नव्हते ते फक्त बंड्याच्या पाठीवर. शेवटी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, काय घालता? मी अभिमानाने सांगितलं, मऊ वरणभात, तूप-पोळी आणि दूध. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जगदाळे, हा कुत्रा आहे. बाळंतीण नाही."

त्याला चांगल्या दर्जाचं खाणं द्या, पोटात प्रथिनं गेली की केस गळायचे थांबतील, असं म्हणून त्यांनी तयार खाण्याच्या एका पिशवीचं नाव लिहून दिलं. त्या पिशवीची किंमत मी घरी येऊन माझ्या बायकोला, म्हणजे सुनंदाला, सांगितली. तिने निवडत असलेली मेथी बाजूला सारली. मग तिने निकाल दिला. दसऱ्याला तिचा धाकटा भाऊ नाना गावाहून जीप घेऊन येणार होता. तोपर्यंत केस गळायचे थांबले, आणि तेही वाणसामानाच्या पैशांना हात न लावता थांबले, तर बंड्या राहील. नाहीतर नाना त्याला शेतावर राखणीला घेऊन जाईल.

राखणीला! हा कुत्रा कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जातो. शेतावर रात्री कोल्हा आला असता तर यानेच त्याला आत घेऊन कडी लावली असती. आणि खरं सांगायचं तर, संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की घरात उठून दारापर्यंत येणारा तो एकटाच होता. बाकीचे "दूध आणलंत का?" एवढंच विचारायचे, तेही बसल्या जागेवरून. बंड्या गेला असता तर मला ते फार लागलं असतं. म्हणून मी ठरवलं, काय वाट्टेल ते झालं तरी या कुत्र्याला उत्तम खाऊ घालायचं, आणि स्वस्तात घालायचं.

आधी मी दुकानात जाऊन ती पिशवी उलटीपालटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. चांगलं खाणं ओळखायचं तर आधी त्यात पहिलं काय लिहिलंय ते बघावं, हे मला एकाने सांगितलं होतं. पुढच्या बाजूला कोंबडीचं चित्र होतं. मागच्या बाजूला पहिला मका, मग तांदूळ, मग गव्हाचा कोंडा, आणि कोंबडी अगदी शेवटाकडे, मिठाच्या शेजारी. म्हणजे मक्याची भाकरीच, फक्त इंग्रजीतून! मी दुकानदाराला तसं म्हणालो. तो म्हणाला, "मग भाकरीच घाला. इथे वाचनालय नाहीये."

म्हणून मी भाकरीच घालायचं ठरवलं. पण सकस. रविवारी मार्केट यार्डात गेलो आणि एका भुसारी व्यापाऱ्याकडे नाचणी, बाजरी आणि सोयाबीन थोडं थोडं मागितलं. तिथे पोत्यापेक्षा कमी मालाची कोणी बातच करत नाही हे मला माहीत नव्हतं. व्यापाऱ्याने विचारलं, किती मोठं हॉटेल आहे? मी म्हटलं, कुत्रा आहे. त्याने हमालाला बोलावून मला पुन्हा तेच सांगायला लावलं. दोघं हसले, आणि मग नमुन्याची म्हणून ठेवलेली धान्यं त्यांनी मला पुड्यांत बांधून दिली, वर एक पैसा घेतला नाही. अपमान फुकटात झाला तर मी मनाला लावून घेत नाही.

आता प्रश्न उरला प्रथिनांचा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सुनंदाचं माहेर माळकरी, लग्नात तिच्या वडिलांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. सोसायटीत मासे खाणारं घर एकच, तळमजल्यावरच्या गुप्ते वहिनींचं. त्यांना मी जिन्यात गाठून हळूच विचारलं. वहिनींनी एका क्षणात प्रश्न सोडवला. जवळा घाला म्हणाल्या. बारीक सुकी कोलंबी असते, स्वस्त मिळते. खमंग भाजायची, धान्याबरोबर दळून आणायची, आणि त्या पिठाची भाकरी घालायची. पीठ झालं की घरात कुणाला कळणारही नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या काळजाला भिडलं.

जवळा आणला. सुनंदा भजनाला गेली तेव्हा स्टोव्ह आणि कढई घेऊन गच्चीवर गेलो आणि भाजायला बसलो. पहिल्या दोन मिनिटांत वारज्यातले सगळे कावळे टाकीवर येऊन बसले. त्यांच्याशी हातवारे करतोय तोवर जिन्यात बांगड्या वाजल्या. सोसायटीचे चेअरमन आपटे यांच्या सौभाग्यवती वाळत घातलेले कपडे काढायला येत होत्या. मी कढईवर ऑफिसची बॅग ठेवली आणि बॅगेवर मी बसलो. काकूंनी विचारलं, हे काय करताय? मी म्हटलं, कोवळं ऊन घेतोय. (संध्याकाळचे सहा वाजत आले होते.) काकू सगळे कपडे घड्या घालून सावकाश खाली गेल्या, तोवर स्टोव्ह विझला होता आणि बॅगेला भोक पडलं होतं. जवळा भाजला गेला होता अर्धामुर्धा. चालेल, म्हटलं. खाणारा कुत्रा आहे.

आता गिरणीबद्दल सांगायला पाहिजे, कारण घात तिथे झाला. आमच्या बायका गिरणीत डबा ठेवताना पहिला प्रश्न विचारतात, "आधी काय दळलंय?" जात्यात आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. गव्हावर गहू चालतो, डाळीवर गहू चालत नाही. आणि उपासाच्या भाजणीचं सोवळं तर विचारूच नका! नवरात्राच्या आधी एक दिवस गिरणीवाले भोसले काका जातं खोलून झाडून-पुसून घ्यायचे आणि त्या दिवशी फक्त साबुदाणा, वरई, राजगिरा. बाकी दळण बंद.

नेमक्या त्या दिवशी मी सुनंदाला म्हटलं, भाजणीचा डबा मी नेतो. इतक्या वर्षांत मी गिरणीचं दार पाहिलं नव्हतं, म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण नेऊ दिलं. बायकांची गर्दी व्हायच्या आत काम उरकावं म्हणून मी गिरणी उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. हातात दोन डबे. एक सुनंदाचा, एक बंड्याचा. भोसले काकांनी कुंकू लावून जात्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "आज फक्त उपासाचं हं."

दसरा तोंडावर आलेला. बंड्याच्या पाठीवर टक्कल. मी म्हटलं, "दोन्ही उपासाचंच आहे."

आणि बंड्याचा डबा आधी पुढे सरकवला, कारण तो लवकर दळून, झाकण लावून, दृष्टीआड करायचा होता. काकांना त्या दिवशी कडक सर्दी होती. देवाला मला धडा शिकवायचाच होता, त्याशिवाय एवढी तयारी कोण करतं? बंड्याचा डबा दळला. त्याच्यावर सुनंदाचा दळला. मी निघालो तेव्हा मागे आपटे काकू, त्यांच्यामागे सगळी सोसायटी डबे घेऊन उभी होती. मी सगळ्यांना हसून नमस्कार केला.

घरी येऊन बंड्याला गुपचूप त्याच्या पिठाची भाकरी केली. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पलंगाखाली गेला. शिट्टी झालेली नसताना!

दुसऱ्या दिवशी घट बसले. संध्याकाळी आरती झाली आणि घराघरांतून उपासाची थालीपीठं तव्यावर पडली. सुनंदाने दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तिने थालीपीठाचा एक घास खाल्ला, थांबली, दुसरा घास घेतला आणि म्हणाली, "अहो, कसला वास येतोय?" मी म्हटलं, राजगिरा असेल. तेवढ्यात पलंगाखालून बंड्या बाहेर आला. दोन दिवसांत पहिल्यांदा शेपूट हलवत तो थेट तिच्या ताटापाशी जाऊन बसला. मग दार उघडं दिसलं तसा बाहेर पळाला आणि प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारात ओरडून आला.

पाठोपाठ सगळी सोसायटी खाली जमली. प्रत्येक बाईच्या हातात एक थालीपीठ. चेअरमन आपट्यांनी तातडीने सभा सुरू केली. अर्थातच सगळ्यांच्या नजरा गुप्ते वहिनींकडे वळल्या. वहिनी संतापल्या. त्यांचाही उपास होता, आणि नऊ दिवस त्यांच्या घरात कांदासुद्धा चिरत नाहीत. मी खांबाआड उभा होतो. त्या बाईने माझ्यासाठी एवढं केलं आणि तिला माझ्यापायी ऐकून घ्यावं लागतंय, हे मला खरोखर वाईट वाटत होतं. पण माझे पाय पुढे होईनात.

आपटे हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आवाज चढवला नाही. सगळ्या थालीपीठांचा एकेक तुकडा घेतला, वास घेतला, आणि वासाच्या उतरत्या क्रमाने बायकांना ओळीत उभं केलं. शेवटच्या दोघींना वास नव्हता, नुसता संशय होता. आपट्यांनी ती ओळ पाहिली आणि आपल्या पत्नीला विचारलं, काल गिरणीत रांग हीच होती का? काकू म्हणाल्या, अगदी हीच. सर्वांत आधी जगदाळे.

आपटे माझ्याकडे वळले. "जगदाळे, याचं मूळ तुमच्यापर्यंत जातंय."

गुप्ते वहिनींनी सुनंदाच्या हातातला तुकडा घेतला, नाकाशी नेला आणि शांतपणे म्हणाल्या, "जवळा आहे. आणि नीट भाजलेलाही नाही."

मग मला सगळं सांगावं लागलं. डॉक्टर, कढई, कावळे, सगळं. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नापासून तिचा एकही उपास मोडला नव्हता. वहिनीच तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "नकळत घडलं त्याचा दोष तुम्हाला नाही हो. कळून केलं त्यांचं देवी बघेल." त्यावर आपटे म्हणाले की देवीला नऊ दिवस इतर कामं असतात, तोवर समिती बघेल.

समितीने पाहिलं. सगळ्या घरांना उपासाचं नवं सामान मी आणून द्यायचं ठरलं. पुन्हा मार्केट यार्ड. या वेळी मी पोत्याने घेतलं. व्यापाऱ्याने विचारलं, कुत्रा वाढला का? मी पैसे मोजले. त्या पैशांत डॉक्टरांनी लिहून दिलेली पिशवी, ती कोंबडी शेवटी असलेली, वर्षभर आली असती.

आता उरलं ते खराब झालेलं पीठ. पण पुण्यातली बाई पीठ टाकत नाही. दुसऱ्या सकाळी आमची बेल वाजायला लागली ती थांबेना. "बंड्याला घाला." प्रत्येकीने डबा दिला आणि रिकामा डबा परत पाठवा असं बजावलं. सुनंदा माझ्याशी बोलत नव्हती, पण कुत्र्याचा काय दोष, असं पुटपुटत ती रोज बंड्याला तूप सोडून थालीपीठं लावू लागली. वरई, राजगिरा, शेंगदाणे, साजूक तूप आणि जवळ्याचा वास! बंड्या दोन्ही वेळा ताट चाटून पुसून ठेवायचा. माझ्या सकस पिठाला त्याने अखेरपर्यंत तोंड लावलं नाही. मला त्या दिवसांत आमटीभात मिळाला, ताटात वाढून नव्हे, ओट्यावर झाकून.

आणि आश्चर्य म्हणजे त्याचे केस गळायचे थांबले. दसऱ्याच्या सकाळी मी सोफा हाताने चाचपून पाहिला, एक केस नाही. पाठीवर बारीक लव आली होती. मला इतका आनंद झाला की मी त्याला उचलून सुनंदापुढे नेलं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुष्कळ दिवसांनी, निदान त्याच्याकडे बघून, हसली.

दुपारी नाना जीप घेऊन आला. सोनं दिलं, जेवला, आणि दोरी घेऊन उठला. बंड्या त्याच्यापुढे उताणा पडून पोट खाजवून घेऊ लागला. नानाने त्याला नीट न्याहाळलं. "आक्का, कुत्रं तर झ्याक हाय की. मग न्यायचं कुणाला?"

सुनंदाने माझ्याकडे बोट दाखवलं.

नानाने मला पायापासून डोक्यापर्यंत, बैलबाजारात पाहतात तसं पाहिलं. डोक्यावर मात्र जरा जास्त वेळ थांबला. मग दोरी गुंडाळून खिशात घातली.

"नको आक्का. दाजींचे केस तर कधीच गळाल्यात. ह्यांना खाऊ घालणं परवडायचं न्हाई आपल्याला."