मुलीच्या डोक्यावरचे दोन बोल्ट

मिस्त्री पायाला भिंगरी लावूनच जन्माला आला असावा. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय उंबऱ्याकडे असे.

टेकडीवरचं लाकूड वाकडं, आणि वाळताना पीळ घेणारं. पिढ्यानपिढ्या ते चुलीत गेलं. घरांसाठी सरळ लाकूड लांबून ट्रकमधून येई. बाकीचे सुतार लाकडालाच नावं ठेवत. मिस्त्री म्हणे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" त्याने खोडाचा बाक तसाच ठेवून खांब उभे केले, त्यामुळे छप्पर भिंतीच्या पुढे हातभर आलं आणि बसायला सावली मिळाली. तुळया त्याने ओल्याच बसवल्या, सांध्यातल्या लाकडी खुंट्या मात्र खडखडीत वाळवलेल्या. वाळता वाळता तुळई आक्रसे आणि खुंटीला अशी आवळून धरी की लोखंडाचं काम उरत नसे. वीस वर्षांत गावात निम्मी घरं तशीच झाली.

गोची एकच. वाळताना घर बोलायचं. कट्, कडाड्! सात-आठ महिने. घरमालक दचकत, आणि मिस्त्री त्यांच्याहून जास्त. प्रत्येक नव्या घराकडे त्याच्या दिवसाला तीन फेऱ्या.

"सासरी गेलेल्या लेकीकडेही कुणी इतका जात नाही," बायको म्हणे.

मग शाळेचं काम आलं. मुख्याध्यापिका त्याचीच मुलगी. तिने शाळा समितीपुढे याच लाकडासाठी शब्द टाकला होता. जिल्ह्याच्या इंजिनिअरसाहेबांनी मान डोलावली, पण बजावलं, "आठ महिन्यांनी बघायला येईन. कुठे चीर दिसली तर छप्पर उतरवायचं. आणि पुढे एकाही सार्वजनिक इमारतीला हे लाकूड नाही."

ते आठ महिने मिस्त्रीचा जीव टांगणीला. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी तो सकाळपासून पोस्टकार्ड घेऊन सांधे तपासत होता. चारही वर्गांत एकाही सांध्यात पोस्टकार्ड शिरण्याइतकी फट नव्हती. मग मुलीच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत गेला. तिच्या टेबलाच्या बरोबर वर असलेल्या तुळईला वीतभर चीर पडली होती.

मुलगी मागेच उभी होती. "बाबा, हीच कशी फुटली?"

त्याने पटाशीने तुळईवर बसवलेल्या लाकडाच्या दोन चकत्या उचकटल्या. आत दोन बोल्ट होते. कुणाला न सांगता त्यानेच घातलेले. तुळईला आक्रसायचं होतं आणि लोखंड हलू देईना.

"वर्गांत पण आहेत?"

"छे. तिथे काय गरज?"

"मग इथे कशी होती?"

"तिथे तू थोडीच बसणार होतीस?" तो बोलून गेला.

बोलला आणि आपलेच शब्द ऐकून खाली बसला. मुलगी म्हणाली, "तिथे शंभर पोरं बसणार आहेत, बाबा."

चीर भुसा आणि डिंकाने बुजवता आली असती. भुसा त्याने मुठीत घेतलाही होता. तो त्याने टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना आधी तीच खोली दाखवली. "हे बोल्ट मीच घातले. चूक लाकडाची नाही, माझी. मला माझ्याच कामाचा भरवसा नव्हता." साहेबांनी उरलेल्या प्रत्येक सांध्याला स्वतः पोस्टकार्ड लावून पाहिलं. त्यात तासभर गेला आणि मिस्त्रीने व्हरांड्यात चाळीस येरझाऱ्या घातल्या.

"ही एक तुळई बदला," साहेब म्हणाले. "नवीही ओलीच घालणार?"

"ओलीच. फक्त खुंट्यांवर."

शाळा उघडली. तिसऱ्या दिवशी नवी तुळई पहिल्यांदा बोलली. कट्! खाली मुलगी हजेरीपटावर लिहीत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. व्हरांड्यातला मिस्त्री मात्र ताडकन उठला, तिच्या दारापर्यंत गेला, तिथे थांबला आणि वळून पोरांच्या वर्गात शिरला. मागच्या बाकावर गुडघे मुडपून बसला आणि शाळा सुटेपर्यंत तिथून हलला नाही.