साडूंचा वन्स मोअर

जगात एकदा झालेली कोणतीही चांगली गोष्ट पुन्हा करून घेता येते, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो दुर्दैवाने माझा साडू निघाला. केजला त्यांचं सरकी पेंडीचं दुकान आहे, आणि रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला हाका मारून मारून गळा असा तयार झालाय की जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात त्यांनी दिलेला ‘वन्स मोअर’ गायिकेला माईकमधून आल्यासारखा वाटतो. पण हा माणूस जत्रेवर थांबेल तर ना! पुतणीच्या लग्नात भटजींनी चौथं मंगलाष्टक जरा बऱ्या सुरात म्हटलं, तर हे अक्षता मुठीत धरून ओरडले, “वन्स मोअर!” माझ्या लग्नात मी उखाण्यात अडखळलो तेव्हाही यांनी तो दिला आणि मी पुन्हा त्याच शब्दाला अडखळलो. बायको अजून तो शब्द मला म्हणायला लावते.

त्यांची लेक व्हायोलिन वाजवते. कॉलेजच्या गॅदरिंगला यांनी इतके वन्स मोअर दिले की पोरीचं नावच ‘वन्स मोअर’ पडलं. तेव्हापासून तिने बापाला एकाही कार्यक्रमाला बोलावलं नाही. तो विषय निघाला की साडू पेंडीची पोती उगाच इकडची तिकडं करत. यंदा मात्र पुण्यात तिच्या मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता आणि तिचा फोन आला.

“पप्पा, जपानी कार्टून पिक्चरचं संगीत हाय. या. पण माझी शपथ हाय, तोंड उघडायचं न्हाई.”

“गाणार कोण?”

“कुणीच न्हाई.”

“पडद्यावर कार्टून?”

“न्हाई, पप्पा.”

“गाणं न्हाई, पिक्चर न्हाई, आन् ह्याला ऑर्केस्ट्रा म्हणायचं!” पण त्याच दुपारी सफारी इस्त्रीला गेली.

राखण म्हणून बायकोनं मला सोबत धाडलं. पुण्याच्या सभागृहात वाद्यवृंदाचा काठी घेतलेला म्होरक्या आमच्याकडं पाठ करून उभा राहिला, तेव्हा साडू कानात कुजबुजले, “पाव्हणं, आपल्या जत्रंत असं उभं राहून दाखवा म्हणावं.” तेवढंच. मग व्हायोलिनी सुरू झाल्या. भरल्या ज्वारीवरून वारं सरकत जावं तसे सगळे गज एकदम खाली-वर होत होते, त्यात आमची पोरगी. मध्येच सगळं थांबलं. संपलं असं समजून मी जोरात टाळी वाजवली. सभागृहात एकटीच. साडूंनी माझा हात धरून माझ्याच मांडीखाली दाबला.

शेवटी लोक उभे राहिले आणि काय सांगू, ती शिकलेली पुणेरी मंडळी ओरडू लागली, “वन्स मोअर!” साडू तोंडात रुमाल कोंबून बसले होते. डोळे तेवढे भरून आले होते.

बाहेर पोरगी आली ती थेट बापापुढं. “सगळे वरडले. तुमचाच आवाज न्हाई आला. आवडलं न्हाई का?”

“तू शपथ घातल्ती ना.”

ती जरा वेळ व्हायोलिनच्या पेटीचा पट्टा नुसताच ओढत राहिली. “तरीबी मी कान देऊन बसल्ते,” म्हणाली. “पुढच्या वेळी शपथ न्हाई.”

“पुढच्या वेळी बी बोलावणार?”

“मग!”

परतीच्या एसटीत, पार मांजरसुंब्याचा फाटा मागं पडल्यावर खिडकीकडं तोंड करून, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू, साडू म्हणाले, “वन्स मोअर.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं.