रूथबाईंचा दगड

शांतवन मास्तर दर शनिवारी गोष्ट ऐकायला बसत ते कबरस्तानात. घरी नाही, शाळेत नाही, चर्चच्या ओट्यावरही नाही. "लिहून आणलंस? चल तर मग," म्हणून ते छत्री काखोटीला मारत, हातात एक लाकडी स्टूल घेत आणि रस्त्याला लागत. ठाण्याच्या भर बाजारातून आमची ही वरात निघाली की दुकानदार एकमेकांना खुणा करत. कबरस्तानात बायकोच्या, रूथबाईंच्या कबरीशी ते स्टूल मांडत, उजवा हात दगडावर ठेवत आणि म्हणत, "वाच. आम्ही ऐकतोय."

पहिल्या दिवशी त्या 'आम्ही'ने माझी बोबडीच वळली होती.

देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते, राहायला कळव्याला. आमच्या चर्चच्या मंडळीच्या मासिकात माझ्या दोन गोष्टी छापून आल्या होत्या आणि मी स्वतःला लेखिका समजू लागले होते. माझा तोरा पाहून बाबांनी मला मास्तरांकडे नेलं. मास्तर जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांच्या कथा चांगल्या चांगल्या मासिकांत येत. पुढे एकाएकी त्यांनी लेखणी खाली ठेवली. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. "सलाम मास्तर. आमची एस्तेर लिहिते. जरा बघाल का?" बाबा म्हणाले. "बघून काय कळणार? ऐकावं लागेल," असं म्हणून मास्तर स्टूल शोधायला आत गेले.

त्यांची ऐकण्याची तऱ्हा अशी, की तोंडाआधी हात बोलत असे. वाचताना एखादं खोटं वाक्य आलं की दगडावरचा त्यांचा हात आपोआप वर उचलला जाई. मग ते हळूच म्हणत, "तिला नाही पटलं." मी वैतागून विचारायची, "तिला की तुम्हाला?" त्यावर ते हात पुन्हा दगडावर ठेवत. पुढे पुढे मलाही सवय झाली. कागदावरून नजर न हटवता त्या हाताची हालचाल मला कळायची, आणि भर दुपारी मानेवर काटा यायचा.

माझी खोड मोठी होती. माझी प्रत्येक गोष्ट शेवटी गुडघे टेकायची. दारुडा असो, सासू असो, सावकार असो, शेवटच्या पानावर त्याला पश्चात्ताप व्हायचाच. "आमेन आधी लिहितेस आणि मग मागे सरकत गोष्ट लिहितेस," मास्तर म्हणायचे. "वाचक काय प्रार्थनासभेला आलाय?" एकदा मी कळव्याच्या मिठागरात राबणाऱ्या एका बाईची गोष्ट वाचली. मूल आजारी पडल्यावर ती आकाशाकडे पाहून म्हणते, 'हे दयाळू पित्या, या दीन लेकराकडे तू दृष्टी लाव.' मास्तरांचा हात तर उचलला गेलाच, वर ते खो खो हसले. "अगं, मिठागरातली बाई पाळकसाहेबांसारखी कशी रडेल? तोंड कोणाचं आणि शब्द कोणाचे?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. घरी आमच्याकडे मासळी घेऊन येणारी आगरी बाई पूर्वी मिठागरात जायची. मी तिलाच विचारलं, मूल आजारी असताना रडलीस तेव्हा काय म्हणालीस? ती माझ्याकडे पाहतच राहिली. "रराला येल कवा गावतं, बाय? घरा जाऊन भात रांदाचा." रडायला वेळ कुठे, हे तिचं वाक्य मी तिच्याच बोलीत जसंच्या तसं घातलं. त्या शनिवारी मास्तरांचा हात दगडावरून हलला नाही. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

त्या दगडाबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळीत माणूस गेला की 'कशाने गेला' याच्या आधी लोक विचारत, 'जाताना काय म्हणाला?' शेवटचे शब्द म्हणजे त्या माणसाच्या विश्वासाची साक्ष. ते मासिकातल्या मृत्युलेखात येत, रविवारी उपासनेत वाचून दाखवले जात. रूथबाईंवरचा लेख खुद्द मास्तरांनीच लिहिला होता. एकुलता मुलगा बेंजामिन विषमज्वराने गेला, त्या पाठोपाठ वर्षभरात आई. लेखात होतं, जाताना तिचा चेहरा उजळला, 'प्रभू, मी येते' एवढं ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. माझ्या आईने तो लेख कापून बायबलमध्ये ठेवला होता. लहानपणी तो वाचून मी ढसाढसा रडले होते. मंडळीने वर्गणी काढून कबरीवर दगड बसवला आणि त्यावर नावाखाली तेच तीन शब्द कोरले. मास्तरांचा हात नेमका त्या शब्दांवर असे.

मास्तरांच्या घरीही बाई होत्याच. आम्ही दोघं चहाला बसलो तरी कप तीन मांडले जात. तिसरा चहा गार झाला की ते उठून तो पारिजातकाच्या बुंध्याशी ओतत. दिवेलागणीला ते बोलता बोलता थांबत आणि दाराकडे कान देत. "काय झालं?" म्हटलं तर म्हणत, "काही नाही. रोज एकच प्रश्न विचारते." लोक म्हणायचे, मास्तरांच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय. मला तसं वाटत नसे. त्या घरात कुणीतरी उत्तराची वाट पाहत असल्यासारखं मलाही वाटायचं, आणि मी अंधार पडायच्या आत कळव्याला पळायची.

मग मी माझ्या मते सगळ्यात चांगली गोष्ट लिहिली. एका आईची. शेवटी ती मरते आणि मरताना म्हणते, 'प्रभू, मी येते.' मास्तरांना बरं वाटेल, रूथबाईंना हा माझा मान, असा माझा भाबडा हिशेब. मी ते वाक्य वाचलं आणि मास्तरांचा हात विस्तवाला लागल्यासारखा उडाला. ते स्टुलावरून उठून उभे राहिले.

"ती असं म्हणाली नव्हती," ते म्हणाले.

मला आधी कळेचना. ते कबरीकडे पाठ करून बोलत होते. बेंजामिन गेल्यावर रूथबाईंनी प्रार्थना सोडली होती. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला त्या उठत नसत. शेवटच्या दिवशी पाळकसाहेब बायबल घेऊन आले, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "त्यांना जायला सांगा." त्यानंतर त्या काही बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे विचारू लागले, जाताना काय म्हणाली? मास्तरांना वाटलं, खरं सांगितलं तर हिला लोक नावं ठेवतील, हिच्या आत्म्याचं तारण झालं नाही म्हणतील. हाडाचा कथालेखक माणूस. एक शोभेलसा शेवट लिहून दिला.

"लोक रडले, एस्तेर. मी लिहिलेल्या कुठल्याच कथेला इतकं कुणी रडलं नव्हतं. मग हा दगड आला. आता ती त्या शब्दांखाली पडून आहे, आणि रोज विचारते, मी असं कधी म्हणाले?" ते पुन्हा स्टुलावर बसले आणि म्हणाले, "खोटी साक्ष माणसाच्या विरुद्धच देतात असं नाही गं. त्याच्या बाजूनेही देतात. प्रभूला तिचा राग झेपला असता. मलाच झेपला नाही." पुढे त्यांनी कधीही लिहिलं नाही. कुणाच्याही तोंडी शब्द घालायची त्यांना भीतीच बसली. मला मात्र त्यांनी लिहायचं थांबवू दिलं नाही. पुढच्या शनिवारी स्टूल घेऊन तयार होते.

पाच-सहा वर्षं आमचे शनिवार चालले. मग त्यांनी अंथरूण धरलं. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मला जवळ बोलावून म्हणाले, "माझ्यावर तूच लिहिशील. सजवू नकोस." शेवटच्या दिवशी पाळकसाहेब उशाशी होते, मी पायाशी. दुपार कलली होती. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून, एखादी साधी तक्रार करावी तसं म्हणाले, "ती अजून आली नाही." आणि गेले.

मूठमाती दिल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस मायाळू होता, हे कबूल करायला हवं. "एस्तेर बाळा, मासिकासाठी लेख तूच लिही. फक्त शेवटी 'तो आला' असं लिही. 'प्रभू आला.' मंडळीला धीर द्यायचा असतो."

दोन-तीन शब्दांचा तर फरक. लोक रडले असते, माझ्या आईने तोही लेख कापून ठेवला असता. आणि मास्तरांनाही मी रूथबाईंसारखं, तोच प्रश्न विचारत, जन्माचं दाराबाहेर उभं केलं असतं. मी म्हटलं, "पाळकसाहेब, ते जे म्हणाले तेच लिहीन." मी तसंच लिहिलं. मासिकाने शेवटचा परिच्छेद गाळून लेख छापला. शब्द गाळले याचं वाईट वाटलं, पण निदान कुणी घातले तरी नव्हते. विद्यार्थ्यांनी मास्तरांचा दगड करायला घेतला तेव्हा वर काय कोरायचं ते विचारायला ते माझ्याकडे आले. मी सांगितलं, नाव कोरा. खालची जागा मोकळी राहू द्या.

दगड बसल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी त्यांच्या घरून स्टूल आणलं. दोन्ही कबरींच्या मधे मांडलं आणि गाळलेला परिच्छेद मोठ्याने वाचला. मग रूथबाईंकडे वळले. मी म्हटलं, "बाई, तुम्ही म्हणालात, 'त्यांना जायला सांगा.' एवढंच म्हणालात. मास्तरांनी मला सांगितलंय."

कबरस्तानात कुणी नव्हतं. मी उजवा हात त्या तीन कोरलेल्या शब्दांवर ठेवला. दगड उन्हाने तापला होता. तरी हात उचलला गेला नाही.