'उपरी' उघडत नाही

आमचे सासरे आयुष्यभर ऑफिसांतले कॉम्प्युटर जोडत हिंडले आणि रिटायर झाल्यावर घराच्या मानगुटीवर बसले. त्यांचा लिनक्स, नवऱ्याचा मॅक, माझा विंडोज. या तिघांना एकमेकांशी बोलतं केलं ते त्यांनीच, हे मी नाकारत नाही. नेटवर्कच्या यादीत ओळखू यावेत म्हणून नावंही त्यांनीच दिली. स्वतःचा 'मालक', लेकाचा 'युवराज' आणि माझा 'उपरी'. मी विचारलं तर म्हणाले, "गंमत आहे. कळत नाही का तुला?" नवरा हसला. मीही हसले, आणि ते काम करताना त्यांच्या पाठीमागे उभी राहून सगळं शिकून घेतलं.

आता गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. माझी लेक लांब शिकायला गेली आहे आणि तिचे फोटो वर माझ्याच कॉम्प्युटरवर येतात. ते खाली आपल्या कॉम्प्युटरवर पाहण्यासाठी सासऱ्यांनी केबल बदलल्या, राउटर बंद करून पुन्हा चालू केला, विंडोजच्या सात पिढ्या उद्धरल्या. फोटोंचा फोल्डर उघडायची त्यांची परवानगी मी काढून घेतली असेल, हे काही त्यांच्या डोक्यात येत नाही. सून दार लावून घेऊ शकते, हे त्यांच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

आज खालून रडवेली हाक आली. "अगं, उपरी दिसतेय, पण उघडत नाही."

मी वरूनच म्हटलं, "गंमत आहे, बाबा. कळत नाही का तुम्हाला?"