दोनशे शेअरचा मालक आणि उपग्रहाचा फोन

मी चष्मेवाला. एकतीस वर्षं लोकांना लांबचं नीट दिसावं म्हणून भिंगं घासतो आहे. मला स्वतःला लांबचं किती दिसतं, हे पाहायचं असेल तर मी घेतलेले शेअर बघावेत.

ते घ्यायला लावले मेहुण्याने. "दाजी, उपग्रहावरून चालणारा फोन! टॉवर नको, तार नको, भर समुद्रात बोला. दहा वर्षांनी तुम्ही मला दुवा द्याल." मी त्या कंपनीचे दोनशे शेअर घेतले. मेहुण्याने स्वतः मात्र सिमेंट कंपनीचे घेतले, हे मला नंतर कळलं.

त्या दिवसापासून माझी चाल बदलली. दुकानात बसूनही मी 'आमचे उपग्रह' म्हणू लागलो. गच्चीवर गेलो की मान आपोआप वर जायची. बायको म्हणायची, "अहो, तुमची कंपनी बघून झाली असेल तर वाळलेले कपडे खाली आणा."

भाव मात्र दरवर्षी खालीच येत होता. वार्षिक अहवालात काय लिहिलंय हे मला फारसं कळायचं नाही, पण मी तो गिऱ्हाइकांना दिसेल असा काउंटरवर ठेवायचो.

एकदा एक बाई चष्म्याचा नंबर काढायला आल्या. मासेमारीच्या तीन बोटींच्या मालकीणबाई. बंदरावर सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांनी अहवाल चाळला. जाहिरातीत बर्फाच्या शिखरावर एक देखणा माणूस फोनवर हसत उभा होता.

"हा कोणाशी बोलतोय?" त्यांनी विचारलं.

मला संधीच मिळाली. मी उपग्रहांपासून सुरुवात केली आणि फोनच्या किमतीवर येऊन थांबलो. जुनी स्कूटर येईल एवढी किंमत. शिवाय मिनिटाचा दर ऐकून ताईंनी चाचणीचा चष्मा काढूनच ठेवला.

"माझी बोट महिन्यातून आठ दिवस लांब जाते. बाकीचे दिवस हा फोन कपाटात ठेवून त्याला उदबत्ती ओवाळू? आठ दिवसांचं भाडं सांगा, देते. आणि मिळतो कुठे?"

मिळतो कुठे, हे मला ठाऊक नव्हतं. कंपनीचा मालक म्हणवणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकासमोर "चौकशी करून सांगतो" म्हटलं. चौकशी केली तर कळलं, सगळ्या शहरात एकच दुकान, तेही विमानतळाच्या रस्त्यावर, काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर. मासळीच्या टोपल्या घेऊन तिथे लिफ्टमध्ये कोण शिरणार?

मग माझ्या अंगात वारं शिरलं. भागधारकांच्या सभेत जाब विचारायचाच! चौदा पानी भाषण लिहिलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बायकोला बसवून तालीम केली. तिसऱ्या पानावर तिची मान कलली. चौथ्या पानावर मीच जांभई दिली, तरी एकही ओळ गाळली नाही.

सभेच्या दिवशी घाईत निघालो. मोठं सभागृह, मऊ खुर्च्या, बोलणाऱ्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या. माझा नंबर अकरा. नाव पुकारल्यावर माईकपाशी गेलो, खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि चौदाही पानांवर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी चष्मा मी उचलून आणला होता. एकतीस वर्षांचा अनुभव!

मागून कुणीतरी म्हणालं, "बोला की हो!"

मी बोललो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना, म्हणून ताई जे बोलल्या तेच सांगितलं. वर्षाकाठी शिखरावर चढणारी माणसं किती आणि रोज समुद्रात जाणाऱ्या बोटी किती? फोन विकत घ्यायलाच का लावता, भाड्याने का देत नाही? आणि बंदरावर दुकान का नाही?

अध्यक्ष गोड हसले. "आपण स्वतः आमचा फोन वापरता का?"

"नाही."

"का बरं?"

"परवडत नाही. आणि मी दिवसभर दुकानात असतो, मला साध्या फोनची रेंज येते."

सगळं सभागृह खो खो हसलं. मी खाली बसलो. माझ्यानंतर एका आजोबांनी यंदा चहाबरोबरची बिस्किटं का कमी केली, असं विचारलं. त्यांना टाळ्या पडल्या.

मी मागच्या दाराने सटकत होतो, एवढ्यात एका तरुण बाईंनी गाठलं. कंपनीच्या विक्रीप्रमुख. हातात वही. "काका, त्या ताई कोणत्या बंदरावर असतात? मला नेता का?"

शनिवारी सकाळी मी त्यांना घेऊन गेलो. यजमानाच्या थाटात पुढे मी, मागे फोनची पेटी घेऊन त्या. लिलावाच्या शेडमध्ये वीसेक माणसं जमली. "जगाच्या पाठीवर कुठेही लागतो!" असं म्हणून मी घरचा नंबर फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. "हॅलो, हॅलो" करून माझा घसा बसला.

ताई शांतपणे म्हणाल्या, "काका, डोक्यावर पत्रा आहे. बाहेर या."

याला उघडं आकाश लागतं, ही साधी गोष्ट दोनशे शेअरच्या मालकाला माहीत नव्हती. बाहेर लगेच लागला. बायको म्हणाली, "बरं झालं फोन केलात. गॅस संपलाय." नंतर ती सहा मिनिटं बोलली. विक्रीप्रमुख घड्याळाकडे बघत राहिल्या, आणि मी फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्यानंतर ताई आणि त्या बाई जाळ्यांच्या ढिगावर बसून तासभर घासाघीस करत होत्या. भाडं फेरीमागे, संकटातला फोन फुकट, आणि फोन मिळणार बर्फाच्या कारखान्यात, कारण बर्फ भरल्याशिवाय बोट निघतच नाही. मी मधेमधे "अगदी बरोबर" म्हणत होतो. माझं म्हणणं कुणीच लिहून घेतलं नाही.

तीन महिन्यांनी बर्फाच्या कारखान्यात सहा फोन आले. पाचव्या आठवड्यात ताईंची मधली बोट इंजिन बंद पडून खोल पाण्यात अडकली. पूर्वी दुसरी बोट दिसेपर्यंत वाट बघण्याखेरीज इलाज नसायचा. या वेळी फोन आला, धाकटी बोट निघाली, दुपारपर्यंत सातही माणसं धक्क्यावर. ताईंनी दुकानात येऊन हे सांगितलं, तेव्हा मी उगाचच एक भिंग पुसत राहिलो. बराच वेळ पुसलं.

भाव चढला असं मात्र नाही. अहवालात बंदराच्या योजनेला अर्धी ओळ मिळाली आणि शेअर आणखी थोडा घसरला.

गेल्या आठवड्यात त्या मधल्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, दुकानात आला. "सभेत बोललेले ते तुम्हीच का?" मी खुर्ची पुढे सरकवली, आभार ऐकायला चेहरा नम्र करून बसलो.

"मग त्यांना सांगा," तो म्हणाला, "बटणं फार बारीक आहेत. ओल्या बोटांनी दोन-दोन दाबली जातात. आणि बर्फाजवळच्या थंडीत बॅटरी टिकत नाही."

मी पेन शोधू लागलो.